हे कुठे लिहिले आहे?

जानेवारी आला की आमच्या कन्हेरीत मुले भाषणे पाठ करू लागतात. ३ तारखेला सावित्रीबाई फुले यांची जयंती, म्हणजेच बालिका दिन. ९ तारखेला फातिमा शेख यांची जयंती साजरी होते. आपल्या मुली फातिमाबींवर बोलतात, याचा आम्हा पालकांना अभिमान वाटतो. पण पाठ करता करता एखादीने "अम्मी, हे कुठे लिहिलंय?" असे विचारले, तर "गप्प पाठ कर" हे उत्तर बरोबर नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने समाजमाध्यमावर दावा केला, की फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, ते पात्र आपणच रचले. आपल्यातले अनेक जण संतापले. पण रागाने काही सिद्ध होत नाही. उत्तर एका पत्रात होते. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेरून, नीरेपलीकडच्या खंडाळा तालुक्यातील नायगावहून, जोतीरावांना पत्र लिहिले. त्या आजारी होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात हे पत्र आहे. मग फातिमा अलीकडे कुणी रचली कशी?

मात्र तेच पत्र आपल्यालाही शिस्त लावते. त्यात फातिमाचे नाव आहे, जन्मतारीख नाही. म्हणून मुलीने भाषणात पत्रातले पत्रातले म्हणून सांगावे आणि ऐकीव ते ऐकीव म्हणून. न पटणाऱ्या गोष्टीला पुरावा मागणे सोपे असते. आवडत्या गोष्टीलाही तो मागावा लागतो.

ही शिकवण आपल्या घरचीच आहे. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत, बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान होऊन पस्तावावे लागेल. हदीसच्या आलिमांनी तर प्रत्येक रिवायतीची सनद तपासली: कोणी कोणाकडून ऐकले, आणि तो रावी विश्वासू होता का. इल्मसाठी चीनपर्यंत जाण्याचे वचन जलशांत हदीस म्हणून सर्रास सांगितले जाते. इब्न अल-जौझींनी ते बनावट रिवायतींत धरले आहे. इल्म मिळवणे प्रत्येक मुसलमानावर फर्ज असल्याची रिवायत इब्न माजामध्ये आहे, ती सांगावी. अर्थ चांगला आहे म्हणून कोणतेही वाक्य प्रेषितांच्या (स.) नावावर घालता येत नाही.

कन्हेरीला मोठ्या भाषणांची सवय आहे. पवार घराण्याच्या निवडणूक प्रचाराचा नारळ इथल्याच मारुती मंदिरात फुटतो. व्यासपीठावरचा माणूस मोठा, म्हणून त्याचे प्रत्येक वाक्य खरे, असे मुलांनी मानू नये. आणि तो विरोधी पक्षाचा, म्हणून खोटे, असेही नाही.

घरात तीन प्रश्नांची सवय लावू या: कोणी सांगितले? त्याला कसे कळले? मूळ कागद कुठे आहे? प्रश्न अदबीने विचारावा: "सर, हे कुठल्या पुस्तकात सापडेल?" यात उस्तादांचा अपमान नाही. आणि आपल्याला उत्तर येत नसेल, तर "चल, दोघं मिळून शोधू" म्हणण्यात अब्बांचा मान कमी होत नाही.

पुढच्या जानेवारीत आपल्या मुलीने दहा विशेषणे गाळून १८५६ च्या त्या पत्राबद्दल एक वाक्य नीट सांगितले, तर फातिमाबींचे नाव कुणाला सहज पुसता येणार नाही.