धडधड थांबली म्हणजे धोका टळला असं नाही : अनियमित ठोके आणि लकव्याचा हिशोब

कळंब : "छातीत धडधड होते, मग आपोआप थांबते. ॲसिडिटी असेल." घरातल्या वयस्कर मंडळींच्या तोंडून हे वाक्य हमखास ऐकू येतं. कधी ती खरंच ॲसिडिटी असते. पण कधी हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत असतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. डॉक्टर थोडक्यात 'ए.एफ.' म्हणतात. कुणाला दम लागतो, कुणाला थकवा येतो, आणि अनेकांना काहीच जाणवत नाही.

यातली मोठी भीती लकव्याची, म्हणजे फालिजची. कप्पा थरथरत राहिला की रक्त पूर्ण पुढे सरकत नाही. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथं ते साचतं, गुठळी होते आणि सुटून मेंदूच्या नसेत अडकते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात अनेक वर्षं चाललेल्या अभ्यासात अशा लोकांना लकव्याचा धोका सुमारे पाचपट आढळला.

मात्र हा धोका सगळ्यांना सारखा नसतो, म्हणून डॉक्टर गुण मोजतात. या पद्धतीला 'चाड्स-वास्क' म्हणतात. हार्ट फेल्युअर असेल तर १, बीपी असेल तर १, शुगर असेल तर १. हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा पायाच्या रक्तवाहिन्या तुंबल्या असतील तर १. वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ किंवा जास्त असेल तर २. आधी लकवा येऊन गेला असेल तर २. बाई असल्याचाही १ गुण धरत. युरोपच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये तो काढून टाकला.

समजा, कळंबमधल्या एक चाची ६८ वर्षांच्या आहेत, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. बाईपणाचा गुण न धरताही ३ झाले. नव्या पद्धतीत २ किंवा जास्त गुण झाले की रक्त पातळ करणारं औषध द्यावं, असं सांगितलं आहे. १ गुण असेल तर डॉक्टर रुग्णाशी बोलून ठरवतात. धडधड महिन्यातून एकदाच होते की रोज, यावर हे गुण अवलंबून नाहीत. चाची म्हणतील, "मला तर काहीच होत नाही." तरी गुण ३ च.

इथंच आपल्या घरांत गडबड होते. "रक्त पातळ केलं तर रक्तस्राव होईल" म्हणून मुलंच गोळी बंद करतात, किंवा "ॲस्पिरिन चालू आहे ना" म्हणून निर्धास्त राहतात. वॉरफरिनसारख्या औषधाने हा लकवा साधारण दोन तृतीयांश कमी होतो. ॲस्पिरिनचा फायदा त्यापेक्षा फारच कमी, आणि रक्तस्रावाचा धोका तिच्यातही आहेच. रक्तस्रावाची भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे बीपी ताब्यात ठेवणं आणि अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने न घेणं. आणखी एक : रक्त पातळ करणारं औषध चालू असताना हिजामा करायचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यात चिरा देऊन रक्त काढतात.

एका गटाला हे गुण लागूच होत नाहीत. लहानपणी सांधे सुजून ताप आला, पुढे हृदयाची मायट्रल झडप आकसली, असे रुग्ण आपल्याकडे आजही आहेत. त्यांना ए.एफ. असेल तर गुण न मोजताच औषध लागतं, आणि तेही वॉरफरिन किंवा त्याच जातीचं. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या रिव्हॅरॉक्सबॅनपेक्षा हे जुनं औषधच सरस ठरलं. त्यासाठी आय.एन.आर. ही रक्ताची तपासणी नियमित करावी लागते. तो सहसा २ ते ३ च्या दरम्यान हवा. मेथी-पालक बंद करू नका, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असंही नको.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. अपिक्साबॅन दिवसातून दोनदा घ्यावी लागते, रिव्हॅरॉक्सबॅन या आजारात एकदाच, जेवणासोबत. सहरी-इफ्तारला वेळ कशी बसवायची, रोजा ठेवावा की नाही, हे चाँद दिसण्याच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. आजारी माणसाला रोज्याची सवलत आहेच. मनाने डोस गाळणं मात्र धोक्याचं.

तपासायचं कसं? मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघा. ठोके कधी घाईत, कधी थांबून, काही तालच नाही, असं वाटलं तर ईसीजी काढा. एका ईसीजीत सापडलं नाही, तर डॉक्टर २४ तासांची होल्टर तपासणी सांगू शकतात.

आणि तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर मालिश करत बसू नका, तोंडातून काही देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. माणूस शेवटचा ठीक दिसला ती वेळ लिहून घ्या, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचं पाकीट सोबत न्या. डॉक्टर आधी तेच विचारतील.