विश्लेषण : एका छोट्या फाइलीने ८५ लाख संगणक कसे ठप्प झाले? हजारो संगणकांवर एकाच वेळी सॉफ्टवेअर पोहोचते कसे?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकी सायबरसुरक्षा कंपनीने जगभरातील आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक छोटी फाइल धाडली. चूक लक्षात आल्यावर १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागेही घेतली. मधल्या ७८ मिनिटांत विमानतळ, रुग्णालये, बँका आणि वृत्तवाहिन्यांतील संगणकांचे पडदे निळे झाले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार असे ८५ लाख संगणक बंद पडले. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. पण हे संगणक नेमके मोक्याच्या जागी होते. अमेरिकेतील काही राज्यांत तातडीच्या मदतीचा ९११ क्रमांक विस्कळीत झाला, ब्रिटनमध्ये डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी दिसेनात आणि भारतात विमान प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. यात कोणा हॅकरचा हात नव्हता. बिघाड होता तो सॉफ्टवेअर पोहोचवण्याच्या पद्धतीत. एरवी कोणाच्या लक्षातही न येणारी ही व्यवस्था चालते कशी, हे त्यानिमित्ताने समजून घ्यायला हवे.

एका जागी बसून हजार संगणकांवर सॉफ्टवेअर कसे बसवतात?

साधा हिशेब करू. एका संगणकावर नवे सॉफ्टवेअर बसवायला अर्धा तास लागतो असे धरले, तर हजार संगणकांना ५०० तास लागतील. एक माणूस रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, टेबलाटेबलांवर फिरला तरी दोन महिने पुरणार नाहीत. तोवर त्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आलेली असते. कार्यालयांतील संगणक नेटवर्कने जोडले गेले तेव्हाच हे काम दूरवरून करण्याची गरज भासू लागली. मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये त्यासाठी ‘सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ हे उत्पादन आणले. आज त्याचे वारसदार, तसेच इतर कंपन्यांची अशीच साधने बहुतेक मोठ्या कार्यालयांत वापरात आहेत.

यातील मुख्य पात्र म्हणजे ‘एजंट’. प्रत्येक संगणकावर पडद्यामागे चालणारा हा छोटा प्रोग्राम. तो ठरावीक वेळाने मुख्य सर्व्हरशी संपर्क साधून ‘माझ्यासाठी काही नवे आहे का?’ असे विचारतो. असल्यास फाइल उतरवून घेतो, तिच्यावरची डिजिटल स्वाक्षरी तपासतो, वापरकर्त्याला एकही प्रश्न न विचारता सॉफ्टवेअर बसवतो आणि काम झाले की नाही ते सर्व्हरला कळवतो. कोणत्या संगणकावर काय आहे, डिस्कवर जागा किती उरली, याची यादीही तोच पाठवतो. ‘काल संध्याकाळी बंद करून गेलो, सकाळी आलो तर सगळे बदललेले’ ही कार्यालयांतील नेहमीची तक्रार याच एजंटच्या रात्रपाळीमुळे असते. संगणक बंद असला तरी नेटवर्कवरून खास संदेश पाठवून त्याला जागे करण्याची सोयही अनेक ठिकाणी असते.

खरी अडचण वाहतुकीची. एखाद्या शाखेत ४० संगणक आहेत आणि अपडेट २०० एमबीचे आहे, असे समजा. प्रत्येकाने ते मुख्यालयातून स्वतंत्र मागवले तर ८ जीबीची ने-आण होणार. शाखेची जोडणी साधी असेल तर त्या वेळेत काउंटरवरचे व्यवहार रखडलेच. म्हणून फाइल शाखेत एकदाच आणतात आणि बाकीच्या संगणकांना ती तिथूनच मिळते. काही वेळा शेजारचे संगणकच एकमेकांना तिचे तुकडे पुरवतात.

सर्वांना एकदमच पाठवतात का?

पाठवू नये, हा या कामातील पहिला धडा. आधी संगणक विभागातील मोजक्या यंत्रांवर, मग एका विभागात, मग एका शहरात आणि शेवटी सगळीकडे, असा क्रम असतो. दोन टप्प्यांमध्ये थांबून तक्रारी येतात का ते पाहायचे. मोबाइल वापरणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. शेजाऱ्याच्या फोनवर अॅपचा नवा चेहरा दिसतो आणि आपल्या फोनवर दिसत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असते. अॅपलच्या अॅप स्टोअरवर टप्प्याटप्प्याने अपडेट देण्याचा पर्याय निवडला, तर ते आपोआप अपडेट घेणाऱ्यांपैकी पहिल्या दिवशी एक टक्का, मग दोन, पाच, दहा, वीस, पन्नास आणि सातव्या दिवशी शंभर टक्के लोकांपर्यंत पोहोचते. गडबड आढळली की वाटप मध्येच थांबवता येते. प्ले स्टोअरवरही अशी सोय आहे.

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून विंडोजच्या नियमित दुरुस्त्यांसाठी महिन्याचा दुसरा मंगळवार ठरवून दिला. भारतात तेव्हा रात्र झालेली असते. त्यामुळे इथल्या संगणक विभागांची खरी धावपळ बुधवारी सुरू होते. तारीख ठाऊक असली की चाचणीसाठी माणसे मोकळी ठेवता येतात.

मग १९ जुलैला ही शिस्त कुठे गेली?

क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला दोन प्रकारचे खाद्य लागते. एक मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. ती कधी घ्यायची हे ग्राहकाला ठरवता येत होते. अनेक कंपन्या मुद्दाम एक किंवा दोन आवृत्त्या मागे राहत, म्हणजे नव्यातील दोष इतरांना आधी कळतील. दुसरा प्रकार म्हणजे हल्ल्यांच्या नव्या पद्धती ओळखण्यासाठीची माहिती. ती दिवसातून अनेकदा येते आणि ती थेट सर्वांना जाई. हल्लेखोर थांबत नाहीत, मग संरक्षणाने आठवडाभर का थांबावे, असा त्यामागचा विचार. तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण ग्राहकांनी काळजीपूर्वक आखलेले टप्पे या दुसऱ्या वाटेवर लागूच नव्हते. आपण दोन आवृत्त्या मागे आहोत म्हणून निर्धास्त असलेल्या कंपन्यांचे संगणकही त्यामुळेच पडले.

कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात नेमके कारण दिले आहे. त्या फाइलीतील नियम २१ रकान्यांतील माहिती मागत होता आणि संगणकावरील प्रोग्राम मात्र २०च रकाने भरून देत होता. आधीच्या फाइलींमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असे, त्यामुळे ही तफावत चाचण्यांत कधी उघडच झाली नाही. १९ जुलैच्या फाइलीने त्या रकान्यात प्रथमच काहीतरी ठरावीक शोधले. प्रोग्राम अस्तित्वातच नसलेला एकविसावा रकाना वाचायला गेला आणि मेमरीच्या हद्दीबाहेर पोहोचला. पाठवण्यापूर्वी फाइल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही दोष होता. त्याने तिला हिरवा कंदील दाखवला.

साधे अॅप असे चुकले तर ते अॅप तेवढे बंद पडते. सुरक्षा सॉफ्टवेअर मात्र ‘कर्नल’मध्ये, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यात चालते. तिथे चूक झाली की विंडोज संपूर्ण संगणकच थांबवते. ही फाइल फक्त विंडोजसाठी होती, त्यामुळे मॅक आणि लिनक्सवरचे संगणक चालू राहिले. योगायोग असा की २०१० च्या एप्रिलमध्ये ‘मॅकअॅफी’च्या विषाणूरोधकाने विंडोज एक्सपीची एक अत्यावश्यक फाइलच विषाणू समजून हटवली होती आणि असंख्य संगणक बंद पडले होते. तेव्हा त्या कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी असलेले जॉर्ज कर्ट्झ हेच क्राउडस्ट्राइकचे संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी.

फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, तरी दुरुस्तीला दिवस का लागले?

कारण दुरुस्ती पोहोचवणारा एजंट चालण्यासाठी आधी संगणक सुरू व्हावा लागतो. इथे संगणक सुरू होता होताच कोसळत होते. दूरवरून हजारो यंत्रे हाताळणारी व्यवस्था त्यामुळे हतबल झाली आणि तीस वर्षांपूर्वीसारखी टेबलाटेबलांवर फिरण्याची पाळी आली. प्रत्येक संगणक ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा, ती फाइल शोधून काढून टाकायची, पुन्हा सुरू करायचा. डिस्क कुलूपबंद असेल, आणि चांगल्या कंपन्यांत ती असतेच, तर आधी ४८ अंकी कळ टाकायची. काही ठिकाणी त्या कळा ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या तो सर्व्हरच बंद पडलेला होता. मायक्रोसॉफ्टने तर क्लाउडवरील यंत्रे पुन्हा पुन्हा सुरू करून पाहा, काहींना १५ वेळा करावे लागेल, असा सल्ला दिला. म्हणजे पडण्याआधीच्या काही क्षणांत एजंटला नवी फाइल मिळाली तर मिळाली!

भारतात रिझर्व्ह बँकेने दहा बँका व बिगरबँक वित्तसंस्थांत किरकोळ अडथळे आल्याचे सांगितले. शेअर बाजार सुरळीत चालले. फटका बसला तो विमानसेवेला. अमेरिकेत ‘डेल्टा’ या विमान कंपनीने पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द केली.

या वाटेवर हल्लेखोरांनीच ताबा मिळवला तर?

तेही घडले आहे आणि त्याची झळ नवी मुंबईपर्यंत पोहोचली होती. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम पसरवला गेला. अपडेट देणारा सर्व्हरच हल्लेखोरांच्या ताब्यात होता. एका संगणकात शिरल्यावर त्याने पासवर्ड चोरले आणि दूरच्या यंत्रांवर आज्ञा चालवण्यासाठी संगणक विभाग वापरतात तीच साधने वापरून तो कार्यालयभर फिरला. कारभाऱ्यांच्या किल्ल्या चोराच्या हाती लागाव्यात, तसे. डेन्मार्कची जहाज कंपनी ‘मर्स्क’ त्यात सापडली आणि न्हावा-शेवा येथील जेएनपीटीमध्ये या समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

मर्स्कला ४५ हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. ते दहा दिवसांत झाले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितले. सर्व वापरकर्त्यांची नोंद ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरची एकच प्रत जगात शिल्लक होती. ती घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. वीज जाण्याचा असा लाभ क्वचितच कोणाला झाला असेल.

डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेला ‘सोलरविंड्स’चा प्रकार त्याहून धूर्त. त्यात अपडेटवर कंपनीची खरी डिजिटल स्वाक्षरी होती, कारण घातक भाग सॉफ्टवेअर तयार होत असतानाच मिसळला गेला होता. सुमारे १८ हजार ग्राहकांकडे ते पोहोचले. हल्लेखोरांनी त्यातील मोजक्याच कंपन्या आणि नऊ अमेरिकी सरकारी संस्था पुढील घुसखोरीसाठी निवडल्या.

मग अपडेट लांबणीवर टाकलेलेच बरे नाही का?

नाही. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधील एक गंभीर त्रुटी बुजवणारी दुरुस्ती दिली होती. १२ मे रोजी त्याच त्रुटीतून ‘वॉनाक्राय’ने जगभर हाहाकार उडवला. जवळपास दोन महिने हाताशी असूनही ज्यांनी ती बसवली नाही, त्यांचे संगणक बळी पडले. इंग्लंडच्या आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. म्हणजे उशीर केला तर वॉनाक्राय आणि घाई केली तर क्राउडस्ट्राइक, अशी ही कात्री आहे. त्यातून सुटका करणारे एकच उत्तर नाही. तिकीट खिडकीवरच्या संगणकाला दोन दिवस उशिरा दुरुस्ती मिळाली तर चालू शकते. इंटरनेटला थेट सामोऱ्या सर्व्हरला ती तासाभरात हवी. हा फरक कागदावर सगळे मान्य करतात. पण अनेक कार्यालयांत आपल्याकडे एकूण किती संगणक आहेत याचीही पूर्ण यादी नसते, तिथे कोणाला आधी द्यायचे हे ठरवणार कसे?

त्यानंतर काय बदलले?

क्राउडस्ट्राइकने माहितीच्या फाइलीही टप्प्याटप्प्याने द्यायला सुरुवात केली आणि त्या कधी घ्यायच्या याचा अधिकार ग्राहकांना दिला. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘क्विक मशीन रिकव्हरी’ ही सोय जाहीर केली. संगणक सुरूच होत नसला तरी त्याच्या बचाव-कप्प्यात दूरवरून दुरुस्ती पोहोचवता यावी, हा तिचा उद्देश. सुरक्षा सॉफ्टवेअर गाभ्याबाहेर चालवता येईल अशी रचनाही ती कंपनी इतर उत्पादकांसोबत तयार करत आहे.

वाद मात्र न्यायालयात गेला. आपले सुमारे ५० कोटी डॉलरचे नुकसान झाल्याचे सांगत डेल्टाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जॉर्जियात क्राउडस्ट्राइकवर दावा ठोकला. ती फाइल पाठवण्याआधी एकाच संगणकावर जरी चालवून पाहिली असती, तरी तो तिथल्या तिथे कोसळला असता, हा डेल्टाचा मुख्य मुद्दा. डेल्टाचीच संगणक यंत्रणा जुनाट असल्याने तिला सावरायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागला, असे क्राउडस्ट्राइकचे म्हणणे. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी डेल्टाचे बहुतांश मुद्दे सुनावणीसाठी ग्राह्य धरले.