पाळणाघर आणि बालवाडी यांचे सहकार्य

पहाटे भाजी-फुलांच्या टोपल्या घेऊन आई वसईहून मुंबईस निघते, तेव्हा घरचे तान्हे मूल पुष्कळदा थोरल्या बहिणीच्या कडेवर येते. मूल सांभाळले जाते. मुलीची शाळा मात्र बुडते.

आपल्याच जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे कार्य आरंभिले. तेथील पाड्यांवरही हीच अडचण होती. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एकत्र चालविण्यात आली. धाकटे भावंड पाळणाघरात निजले, की थोरलीस वर्गात बसता येई.

यास्तव मूल सांभाळणारी बाई व शिक्षिका यांनी परस्परांस परके मानू नये. मूल काय जेवले, किती निजले, कोणता नवा शब्द बोलले, हे सांभाळणारीने शिक्षिकेस रोज सांगावे. शिक्षिकेने तिला गाणी, गोष्टी व खेळ शिकवावेत. जवळ पाळणाघर नसल्यास अंगणवाडी व शाळा यांच्या वेळा जुळवून घ्याव्यात. हजेरीपटावर मुलीची गैरहजेरी मांडण्यापूर्वी तिच्या कडेवर कोण आहे, याची शिक्षकांनी अवश्य चौकशी करावी.