गळाच्या आमिषाला वास लावावा का?

बुलढाण्याजवळच्या देऊळघाटला पैनगंगा नदी आहे. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी पुढे शेकडो किलोमीटर वाहत जाऊन वर्धा नदीला मिळते. देऊळघाटला मात्र ती अजून लहान आहे. अशा नदीच्या डोहाकाठी गळ टाकून तासन्‌तास बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांच्या डब्यात काय असते? कणकेचा गोळा, गांडुळे, शेंगदाण्याची पेंड. पण कोणी कणकेत हिंग मिसळतो, कोणी लसूण ठेचून घालतो, तर कोणी बाजारातून ‘मासे ओढणाऱ्या’ अर्काची बाटली आणतो. प्रत्येक जण आपापल्या युक्तीची ग्वाही देतो.

ही ग्वाही खरी मानायची का? बाटलीला पैसे पडतात, आणि ज्याचे पोट मासेमारीवर आहे त्याला ते जपून खर्चावे लागतात. तेव्हा हा प्रश्न शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहू या.

माशाला नाक असते का?

असते, पण ते श्वासासाठी नसते. श्वास मासा कल्ल्यांनी घेतो. त्याच्या नाकपुड्या तोंडाकडे किंवा घशाकडे उघडत नाहीत. बहुतेक माशांत प्रत्येक बाजूला दोन छिद्रे असतात. पुढच्या छिद्रातून पाणी आत येते, आतल्या पाकळ्यांसारख्या घड्यांवरून वाहते आणि मागच्या छिद्रातून बाहेर पडते. या घड्यांवर वास ओळखणाऱ्या पेशी असतात.

मांगूर आणि शिंगाळा यांच्या लांब मिशा तुम्ही बाजारात पाहिल्या असतील. त्या मिशा म्हणजे जणू बाहेर काढलेली जीभच! अशा माशांच्या मिशांवरच नव्हे, तर अंगाच्या कातडीवरही चव ओळखणाऱ्या कलिका असतात. अमेरिकेतील बार्डाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले, की मिशीवाल्या माशाची वास घेण्याची शक्ती नाहीशी केली तरी तो केवळ चवीच्या आधाराने दूरवरचे अन्न शोधून काढतो.

ही चव किती तीक्ष्ण असावी? जॉन कॅप्रिओ यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील एका मिशीवाल्या माशाच्या चवीच्या मज्जातंतूंची विद्युत् स्पंदने मोजली. ॲलनीन या अमिनो आम्लाचा १ ग्रॅम सुमारे १ कोटी लिटर पाण्यात मिसळला तरी या माशाला ते जाणवते, असे त्या मोजमापांवरून दिसते. उन्हाळ्यात गावोगावी येणारा पाण्याचा टँकर १०,००० लिटरचा धरला, तर असे हजार टँकर भरतील. त्या सगळ्यांत मिळून चिमूटभर पदार्थ!

वास पोचवतो कोण?

इथे पहिली मेख आहे. हवेत उदबत्तीचा वास घरभर पसरायला वेळ लागत नाही. पाण्यात मात्र विरघळलेले रेणू फार सावकाश पसरतात. पाणी अगदी स्तब्ध असेल, तर नुसत्या विसरणाने अमिनो आम्लाचा रेणू सरासरी एक सेंटीमीटर सरकायला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो! म्हणजे पाण्यात वास स्वतःहून जात नाही, प्रवाह त्याला वाहून नेतो. सेकंदाला १० सेंटीमीटर इतक्या मंद धारेतही तो एका मिनिटात ६ मीटर जातो, पण फक्त खालच्या अंगाला. वरच्या अंगाच्या माशाला त्याची वार्ताही नसते.

नॉर्वेच्या समुद्रात कॉड माशांवर १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत हेच दिसले. माशांना ध्वनी सोडणारी छोटी यंत्रे लावून त्यांच्या हालचाली टिपल्या. प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेले मासे शेकडो मीटरांवरून, प्रवाहाविरुद्ध पोहत आमिषापर्यंत आले. तिथेच आणखी एक गोष्ट कळली: पाण्यात टाकलेल्या आमिषातून सुरुवातीला रस झपाट्याने सुटतो, मग झरा मंदावतो. जुने, धुऊन निघालेले आमिष म्हणजे विझलेली उदबत्ती.

कोणता वास?

आपल्या नाकाला जे घमघमते ते माशाला आवडेलच असे नाही. माशाला अन्नाची खूण पटते ती मुख्यतः पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांवरून, विशेषतः अमिनो आम्लांवरून. गांडूळ, झिंगे, मासळीचा रस यांतून ती सहज सुटतात. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही. त्यातला बराचसा भाग तवंग होऊन वर तरंगतो. म्हणून बाटलीवरील स्तुतीपेक्षा आतला पदार्थ पाण्यात विरघळतो का, हा प्रश्न मोलाचा.

शिवाय वास ओढतो तसा पळवूनही लावतो. मधमाश्यांच्या नृत्यभाषेसाठी प्रसिद्ध असलेले आणि १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांना १९३८ मध्ये आढळले, की एका लहान माशाच्या जखमी कातडीतून सुटलेला पदार्थ पाण्यात मिसळताच त्याचे भाऊबंद भेदरून पळतात. रोहू, कटला, मांगूर ज्या मोठ्या गटात येतात, त्याच गटातला तो मासा. कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये असेही दाखवले, की माणसाच्या हाताच्या धुवणातील सेरीन हे अमिनो आम्ल स्थलांतर करणाऱ्या सामन माशांना बिचकवते. सामनची गोष्ट रोहूला जशीच्या तशी लावता येणार नाही. पण आमिष स्वच्छ हातांनी लावण्यात तोटा काहीच नाही.

जवळ आला म्हणजे गळाला लागला का?

नाही. मासा आमिष तोंडात घेतो, चाखतो आणि न आवडल्यास थुंकून टाकतो. मॉस्कोचे कासुम्यान यांनी सायप्रिनस माशाला निरनिराळी अमिनो आम्ले घातलेल्या गोळ्या देऊन पाहिल्या. सिस्टीन घातलेल्या गोळ्या त्याने आवडीने गिळल्या, तर काही गोळ्या नाकारल्या. प्रत्येक जातीची आवड निराळी. मरळ तर दबा धरून हलत्या भक्ष्यावर झडप घालणारा मासा. त्याच्यापुढे वासापेक्षा बेडकाची हालचाल मोठी. गढूळ पाण्यात, रात्री, तळाशी चरणाऱ्या मिशीवाल्या माशाच्या बाबतीत मात्र वासाची आणि चवीची बाजू नक्कीच भक्कम आहे.

म्हणजे ‘वासाने मासे अधिक लागतात का?’ याचे एकच उत्तर नाही. कोणता मासा, कोणता पदार्थ, कसले पाणी, हे आधी विचारावे लागते. आणि तुमच्या डोहापुरते उत्तर तुम्हालाच शोधता येते.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्या माणसांना बरोबर घेऊनच करा. पूर असताना पाण्याजवळ जाऊ नका. तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल, तर आधी परवानगी घ्या.

१. एकाच वेळी मळलेल्या कणकेचे दोन भाग करा. एकात लसूण घाला, दुसरा साधा ठेवा. दोन्हींसाठी हात निराळे असू द्या.

२. गळ, दोरी, खोली सारखी ठेवा. एक गळ दुसऱ्याच्या खालच्या अंगाला टाकू नका; नाही तर वरचा लसूण वाहत खालच्या साध्या कणकेची मदत करील!

३. कोणत्या गळाला कोणती कणीक, हे नाणे उडवून ठरवा. दर अर्ध्या तासाने जागा बदला आणि आमिष ताजे लावा.

४. आमिष लावणारा एक आणि गळ धरणारा दुसरा असावा. ज्याला ‘आपला गळ लसणाचा’ हे ठाऊक असते, तो नकळत अधिक लक्ष देतो.

५. प्रत्येक मासा वहीत नोंदवा. मासा न लागलेला दिवसही नोंदवा. लहान मासे पाण्यात परत सोडा.

सात आणि तीन

समजा दहा मासे लागले. सात लसणाला, तीन साध्या कणकेला. लसूण जिंकला? थांबा! एक नाणे दहा वेळा उडवा. सात किंवा त्याहून अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता १०२४ पैकी १७६, म्हणजे शेकडा सुमारे १७ असते. लसणात काहीही गुण नसला, तरी साधारण सहांपैकी एका वेळी नुसत्या योगायोगाने तो असा ‘जिंकेल’. दहापैकी नऊ किंवा दहा मासे लसणाला लागले, तर तशी शक्यता शेकडा एक एवढीच उरते. तेव्हा संशय घ्यायला जागा कमी.

आता हेच प्रमाण शंभर माशांत मिळाले असे समजा : सत्तर आणि तीस. योगायोगाने सत्तर किंवा अधिक पडण्याची शक्यता लाखात सुमारे चार! प्रमाण तेच, पण पुराव्याचे बळ किती वाढले पाहा. म्हणून एका वर्गाने एका रविवारी काढलेल्या निष्कर्षापेक्षा पाच वर्गांनी वर्षभर भरलेली वही अधिक बोलते.

काठावरचे आजोबा खोटे बोलत नसतात. त्यांना भरल्या टोपलीचा दिवस आठवतो, रिकाम्या टोपलीचे दिवस विसरले जातात. सगळ्यांचीच स्मरणशक्ती अशी असते. वहीची मात्र तशी नसते. तेव्हा अर्काच्या बाटलीवर पैसे घालवण्याआधी एक कोरी वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखा : ‘वासाचे’ आणि ‘साधे’.