पकड किती रुंद?

अपंगांच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये बेंच प्रेस हा एकच प्रकार. पाय बाकावरच पसरलेले, म्हणून जमिनीचा रेटा मिळत नाही. सारी भिस्त छाती, खांदे व दंडांवर. अशाच स्थितीत राजिंदरसिंग रहेलू यांनी २००४ साली अथेन्सला १५७.५ किलो उचलून कांस्यपदक पटकावले!

पकड रुंद केली की दांडा वर नेण्याचे अंतर घटते. नियमाने दोन तर्जन्यांत ८१ सेंटिमीटरपर्यंत अंतर चालते. मग सर्वांनी ती मर्यादाच गाठावी काय? मी पडलो कॉमर्सचा. मला जमेसमोर खर्चही दिसतो. अतिरुंद पकडीने खांद्यावर ताण वाढतो, आणि त्याच खांद्यांनी कित्येकांना रोज चाकाची खुर्ची ढकलायची असते. म्हणून सरावात पकड बोट-दोन बोटांनीच वाढवावी; खांदा कुरकुरला, की तिथेच थांबावे.