शोकाचा संकल्प होतांना

सुशिक्षित घरांतून हल्लीं एक दृश्य वारंवार दिसतें. घरांत कोणाला मोठें दुखणें येतें, महिनेच्या महिने दवाखान्याच्या फेऱ्या होतात, आणि एके दिवशीं घरांतील एखादा मुलगा अगर मुलगी जाहीर करते कीं, "मी डॉक्टर होणार!" वडील मंडळींचे डोळे पाणावतात, आजी देवापुढें साखर ठेवते, आणि त्या मुलाच्या आयुष्याची दिशा जणूं ठरून जाते. हा खरा निश्चय कीं केवळ दुःखाचा उमाळा, हें ओळखावें कसें? मी वैद्य नव्हे. ३५ वर्षें संस्कृत शिकविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु गेल्या ज्येष्ठांत हा प्रश्न माझ्या ओटीवर येऊन बसला, म्हणून हे चार शब्द.

शेजारच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. तेथील आजोबा माझे समवयस्क स्नेही. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत. मधुमेह व रक्तदाब हीं या विकाराचीं प्रमुख कारणें. आणि विकार असा लबाड कीं, बराच पुढें जाईपर्यंत रोग्याला फारसें जाणवतच नाहीं. आतां आठवड्यांतून ३ वेळां, दर खेपेस सुमारें ४ तास, त्यांचें रक्त यंत्रांतून शुद्ध करून पुन्हां शरीरांत सोडावें लागतें. याला डायालिसिस म्हणतात. खर्चाचा भार धाकट्या भावानें निमूटपणें उचलला आहे.

त्या सायंकाळीं आजोबा नातवाला घेऊन आले व म्हणाले, "मास्तर, याला वैद्यकाची 'नीट' परीक्षा पुन्हां द्यावयाची आहे. पहिल्या खेपेस गुण कमी पडले. आणखी एक वर्ष जाणार, क्लासची फी पुन्हां भरावी लागणार; आणि घरची स्थिति तुम्ही जाणतां. आठवीपासून हा तुमच्या हाताखालीं शिकला. याच्या मनांत खरेंच काय आहे, तें जरा पाहा."

परीक्षा ७२० गुणांची, आणि अलीकडे वीस लाखांहून अधिक मुलें तिला बसतात. आजोबांची चिंता अनाठायीं नव्हती. ते घरीं गेल्यावर मीं मुलाला विचारलें, "डॉक्टर कशासाठीं व्हावयाचें?"

"बाबांसाठीं," तो म्हणाला.

"शिक्षणाचीं साडेचार वर्षें आणि वर्षभर रुग्णालयांतील उमेदवारी धरली, तर तुला साडेपांच वर्षें लागतील. तोंवर बाबांवर उपचार करणारे दुसरेच असणार. मग तुझा हेतु कोठें राहिला?"

प्रश्न कठोर होता. मुलगा बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग हळूहळू बोलूं लागला. "गुरुजी, बाबांच्या पायांना फार पूर्वींपासून सूज येत असे. संध्याकाळीं त्यांनीं मोजे काढले कीं घोट्याभोंवतीं खोल वळ दिसे. आम्ही भावंडें बोटानें दाबून तेथें खळगा पाडीत असूं आणि हंसत असूं. कोणाला सांगावें असें मनांतही आलें नाहीं. तेव्हांच सांगितलें असतें तर..."

त्याला पुढें बोलवेना. बारा-तेरा वर्षांच्या पोराला सुजेचा अर्थ कळावा कसा? पण नसलेला दोष ज्याच्या मनाला लागतो, त्याला युक्तिवादाचें औषध लागू पडत नाहीं. म्हणून मीं त्याला आनंदीबाई जोशी यांची हकीकत सांगितली.

१८६५ सालीं जन्मलेली ही मुलगी नवव्या वर्षीं गोपाळराव जोशी यांच्या घरीं आली. चौदाव्या वर्षीं तिला मुलगा झाला. तो अवघे १० दिवस जगला. त्या दुःखांतून वैद्यक शिकण्याची इच्छा उपजली. तथापि २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील सभेंत अमेरिकेस जाण्याचें कारण सांगतांना तिनें मुख्य भर दिला तो हिंदु स्त्रियांच्या अडचणीवर: पुरुष वैद्यापुढें दुखणें उघड करण्यास त्या कचरतात, म्हणून त्यांना स्त्रीवैद्य हवी. आपलें दुःख तिनें असंख्य घरांच्या गरजेशीं नेऊन जोडलें. फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयांत तिनें प्रबंध लिहिला तोही आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. ११ मार्च १८८६ रोजीं पदवी मिळाली, कोल्हापूरच्या रुग्णालयांत नेमणूकही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें तिचा अंत झाला. वयाचीं २२ वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. क्षयाचा जंतु कॉख यांनीं १८८२ सालीं दाखवून दिला होता; पण त्यावर चालणारें स्ट्रेप्टोमायसिन हातीं आलें तें १९४३ सालीं. आनंदीबाईंना रुग्णसेवा घडली नाहीं. तरी त्यांचा संकल्प व्यर्थ गेला असें कोण म्हणेल?

दुसरें उदाहरण मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचें. त्या १९१२ सालींच वैद्यकाच्या पदवीधर झाल्या होत्या. पुढें त्यांची धाकटी बहीण कर्करोगानें गेली. घरांत डॉक्टर असून बहीण वांचली नाहीं, हें शल्य केवढें असेल! त्या दुःखानें त्यांनीं आपली विद्या टाकून दिली नाहीं. १९५४ सालीं, सत्तरीच्या उंबरठ्यावर असतां, अड्यार येथें कर्करोगाचें रुग्णालय उभें करून दाखविलें.

चरकाचार्यांनीं वैद्याची वृत्ति चार प्रकारची सांगितली आहे: सर्वांविषयीं मैत्री, पीडितांविषयीं कारुण्य, साध्य रोग्याविषयीं प्रीति, आणि ज्याचा अंत अटळ आहे त्याच्याविषयीं उपेक्षा, म्हणजे मनाचा तोल. मीं मुलाला म्हटलें, "घरच्या आजारानें तुला या चारांपैकीं एकच, कारुण्य, दिलें; तेंही एकाच माणसापुरतें. उरलेलीं तीन कमवावयाचीं आहेत. महिनाभर बाबांबरोबर जाशील तेव्हां त्यांच्या उशाशीं बसूं नकोस. बाहेर बांकावर खेड्यांतून आलेलीं माणसें असतात, त्यांचे कागद वाचून दे, औषधें आणून दे. मग मला भेट. आणि आणखी एक: पायांची गोष्ट बाबांना सांग."

महिन्यानें तो आला. पहिला आठवडा कंटाळवाणा गेला, असें त्यानें प्रामाणिकपणें कबूल केलें. एक म्हातारा विनाकारण अंगावर ओरडला होता. एके दिवशीं ओळखीची झालेली एक खाट रिकामी दिसली. त्या रात्रीं झोंप आली नाहीं, परंतु पुढच्या पाळीला तो पुन्हां गेला. घरीं भांडीं घासावयास येणाऱ्या मावशींच्या पायांवरची सूज आतां त्याच्या डोळ्यांना दिसली. त्यानें आईकरवीं त्यांना तपासणीस धाडलें. रक्तदाब फार वाढलेला निघाला; लघवींतून प्रथिनें जात होतीं. औषध वेळेवर सुरू झालें.

"आणि बाबांना सांगितलेंस?" मीं विचारलें.

"सांगितलें. बाबा हंसले. म्हणाले, 'अरे, पाय माझे होते. मला काय सूज दिसत नव्हती? रजा मिळत नाहीं म्हणून मीच गेलों नाहीं. माझें ओझें तूं कशाला वाहतोस?'"

"मग आतां? ओझें उतरलें, अजूनही डॉक्टर व्हावयाचें आहे?"

"हो," तो म्हणाला. या खेपेस तो खालीं पाहत नव्हता.

मला माझें उत्तर मिळालें. अपराधाची टोंचणी गेल्यावरही जो निश्चय उरतो, तोच खरा. आजोबांना मीं तसें सांगितलें, आणि वर्षाची मर्यादा घालून द्यावी असेंही सुचविलें. यश न आल्यास परिचर्येचें अथवा डायालिसिस-तंत्राचें शिक्षण आहे, असें म्हणतांच त्यांच्या कपाळाला आठी पडली. तेव्हां मला पुन्हां चरकच काढावा लागला: चिकित्सेचे पाय चार, वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. त्यांतील एक पाय हलका मानणाऱ्या घराला दुखण्याच्या वेळीं कोणाचा आधार लागतो, हें त्या घराइतकें कोणास ठाऊक असणार? आठी हळूहळू सैल झाली.

वाचक पालकांस माझी एवढीच विनंति आहे. रुग्णशय्येजवळ मुलांकडून वचनें घेऊं नका. तीं पुढें त्यांच्या गळ्यांत अडकतात. त्यांच्या मनांत एखादी टोंचणी असेल तर ती बोलूं द्या, आणि जो आजारी आहे त्यानेंच ती काढावी. इतरांच्या सांगण्यापेक्षां तें औषध अधिक गुणकारी. मगच पाहा, मुलाची दृष्टि आपल्या माणसापलीकडे जाते कीं नाहीं. गेली, तर पोटाला चिमटा घेऊनही त्याला शिकवा.

मुलगा वैशाखांत परीक्षेस बसेल. निकाल काय लागेल तें ईश्वर जाणे. काल सायंकाळीं तो शाकुंतलाची प्रत परत करावयास आला होता. निघतांना पायऱ्यांशीं थांबून त्यानें माझ्या पायांकडे क्षणभर निरखून पाहिलें, आणि कांहीं न बोलतां समाधानानें निघून गेला.