ढगांतले डाकवाले

'या वयात कार्टून?' असं म्हणतच मी 'लास्ट एक्झाइल' लावली. २००३ सालची ही जपानी अ‍ॅनिमे मालिका, गोंझो स्टुडिओची, २६ भागांची. पहिल्या दहा मिनिटांतच माझी बोलती बंद!

ढगांतून अजस्र युद्धनौका सरकत येतात. डेकवर बंदूकधारी सैनिक ओळीनं उभे. समोरच्याच्या गोळ्या छातीवर झेलायच्या, कारण युद्धाचा रिवाज तसा! दिसायला सॉलिड देखणं. पण पोटात खड्डा पडतो.

आणि या धुमश्चक्रीत क्लाऊस आणि लॅव्ही ही दोन पोरं आपलं चिमुकलं 'व्हॅनशिप' पिटाळतात. तो चालवणार, ती मागे बसून वाट सांगणार. दोघं डाकवाले. युद्ध जिंकण्याशी त्यांना देणंघेणं नाही. हातातलं पत्र पोचलं पाहिजे, बस्स.

विमानं कॉम्प्युटरवर घडवलेली, माणसं चितारलेली. हा जोड आधी जरा खटकतो, मग लक्षातही राहत नाही. कारण तोवर आपणही त्या मागच्या सीटवर बसलेले असतो.

कोण जिंकणार, याची मला अजूनही फिकीर नाही. पत्र पोचू दे, एवढंच वाटतं. वीकेंडला बघाच!